जांभ्या मातीचं मोजमाप आधी ठरवा, मग सेन्सर वाटा

प्रति,
माननीय कुलगुरू, संशोधन संचालक आणि मृदशास्त्र विभागातले शास्त्रज्ञ,
डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, दापोली,
तसंच कोकण विभागातले कृषी खात्याचे सर्व अधिकारी यांस

विषय: ओलावा मोजणाऱ्या सेन्सरचं कोकणातल्या मातीनुसार कॅलिब्रेशन

सप्रेम नमस्कार.

मागणी आधीच सांगतो, म्हणजे पत्र अर्ध्यात ठेवावं लागलं तरी ती आपल्यापर्यंत पोचेल. ओलाव्याचा सेन्सर कोकणातल्या मातीत किती खरं सांगतो, हे विद्यापीठाने मोजावं आणि त्याचा आकडा मातीतल्या खऱ्या ओलाव्याशी जुळवून घ्यावा; यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. त्याचे तक्ते मराठीत, सगळ्यांना मिळतील असे जाहीर करावेत. आणि सरकारी पैशातून जे सेन्सर बागांमध्ये पुरले जातील, त्यांच्याबरोबर मातीनुसार कॅलिब्रेशन असलंच पाहिजे, अशी अट घालावी.

ही मागणी आत्ताच का, तर सेन्सर आता प्रदर्शनातल्या टेबलावर राहिलेला नाही. ठिबकवाल्यांचे प्रतिनिधी गावोगाव येतात, मोबाइलवर हिरवी-लाल पट्टी दाखवतात (हिरवी म्हणजे ओल पुरेशी, लाल म्हणजे माती कोरडी), आणि आकडा ठरावीक मर्यादेखाली गेला की व्हॉल्व्ह आपोआप उघडणारी यंत्रणा देऊ म्हणतात. राज्य सरकारने २०२५ मध्ये शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याचं ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर केलं, त्याची मुदत २०२९ पर्यंत आहे. म्हणजे येत्या काही वर्षांत शेतातून गोळा होणाऱ्या आकड्यांवर सल्ले निघणार, योजना बेतल्या जाणार. माझा याला विरोध नाही. उन्हाळ्यात सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, आंब्याच्या कलमांना टँकरने पाणी घालणाऱ्या माणसाला पाण्याचा नेमका अंदाज मिळाला, तर त्याहून मोठी मदत नाही. म्हणूनच तो आकडा खरा असावा, एवढा हट्ट आहे.

सेन्सर पाणी मोजतो असं आपण बोलताना म्हणतो. प्रत्यक्षात बहुतेक सेन्सर मातीचा विद्युत गुणधर्म मोजतात. ज्याला डायइलेक्ट्रिक स्थिरांक म्हणतात, तो पाण्याचा साधारण ८०, हवेचा १ आणि कोरड्या मातीच्या खनिजांचा बहुतेक वेळा ३ ते ५. पाण्याचा आकडा एवढा मोठा असल्यामुळे मातीत थोडं पाणी वाढलं तरी एकूण स्थिरांक चढतो. त्या चढ-उतारावरून समीकरण लावून ओलाव्याचा टक्का काढतात. कॅनडात टॉप, डेव्हिस आणि अ‍ॅनन या संशोधकांनी १९८० साली असं एक समीकरण मांडलं आणि ते पुष्कळ ठिकाणच्या खनिज मातींत चांगलं उतरलं. सेंद्रिय पदार्थ भरपूर असलेली माती त्यात बसत नाही, हेही त्याच अभ्यासात दिसलं होतं. पुढे वेगवेगळ्या बनावटीच्या सेन्सरनी आपापली समीकरणं बसवली. आपल्या हातात सेन्सर येतो तेव्हा त्याच्या आत असंच कुठलं तरी समीकरण आधीपासून भरलेलं असतं. ते कुठल्या मातीवर बसवलं, हे पुस्तिकेत क्वचितच लिहिलेलं असतं. विक्रेत्याला विचारलं तर ‘सगळ्या मातीत चालतं’ एवढंच उत्तर मिळतं.

आता आपली माती पाहा. जांभ्यापासून झालेली माती लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी भरलेली असते. लोहाच्या खनिजांचा स्थिरांक साध्या वाळूच्या खनिजांपेक्षा जास्त, त्यामुळे पाणी नसतानाही आकडा वर सरकू शकतो. उलट मातीच्या बारीक कणांना अगदी घट्ट धरून बसलेलं पाणी सेन्सरला पूर्ण दिसत नाही, त्यामुळे आकडा खालीही येऊ शकतो. माती भुसभुशीत असेल तर वेगळं, दाबलेली असेल तर वेगळं. एक चूक वर ओढते, दुसरी खाली. कुठल्या बागेत कुठली भारी पडेल, हे नुसत्या अंदाजाने सांगता येत नाही. मोजल्याशिवाय इलाज नाही, आणि हे मोजायची साधनं, प्रयोगशाळा आणि जाणकार माणसं आपल्याकडे आहेत. म्हणून हे पत्र कंपन्यांना न लिहिता आपल्याला लिहितो आहे.

शिवाय ‘कोकणची माती’ ही काही एक वस्तू नाही. सड्यावर कातळात सुरुंग लावून खड्डा केलेला असतो आणि त्यात खालून आणलेली माती, शेणखत, पालापाचोळा भरून कलम लावलेलं असतं. त्या खड्ड्यातली माती ना धड जांभी, ना धड भाताची. डोंगरउताराला जांभ्याच्या खड्यांनी भरलेली उथळ माती. खाली भातखाचरात चिखलणी करून करून घट्ट झालेली. समुद्राला लागून पुळणीच्या वाळूत नारळ-सुपारीची आगरं, आणि खाडीकाठी खारजमीन. एकाच गावात अर्ध्या तासाच्या पायवाटेवर ही सगळी भेटतात. एकच समीकरण घेऊन एकच कंपनी या सगळ्यांत तोच सेन्सर पुरते आणि मोबाइलवर सगळीकडे सारखीच हिरवी-लाल पट्टी दिसते.

आमच्या भागातल्या एका बागेत बसवणी होताना मी हजर होतो. कंपनीचा मुलगा चांगला, कष्टाळू होता. त्याने सेन्सर हवेत धरला, आकडा ० आला. काचेच्या पेल्यातल्या पाण्यात बुडवला, १०० आला. ‘कॅलिब्रेशन झालं,’ म्हणाला आणि पहारीने केलेल्या भोकात सेन्सर बसवून वरून माती लोटली. हवा आणि पाण्याची ही परीक्षा निरुपयोगी नाही. यंत्र शाबूत आहे का आणि दोन यंत्रं एकसारखी वागतात का, एवढं तिच्यातून कळतं. पण मातीबद्दल ती काहीही सांगत नाही. कलमाची मुळं हवेतही नसतात आणि पेल्यातही नसतात, ती या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात असतात, आणि नेमका तोच पट्टा तपासायचा राहून जातो.

त्याच बागेत एका कलमाखाली हातभर अंतरावर एकाच बनावटीचे दोन सेन्सर होते. एक १९ दाखवायचा, दुसरा २८. कुठला खरा मानायचा, हे कंपनीच्या मदतवाहिनीलाही सांगता येईना. शेवटी दोन्ही उकरून काढले. १९ दाखवणाऱ्याच्या पात्याला एका बाजूने जांभ्याचा मुठीएवढा दगड टेकलेला होता आणि दगडाच्या कडेने बोट जाईल एवढी पोकळी होती. सेन्सरचं सगळं लक्ष पात्यालगतच्या दोन-चार सेंटिमीटर मातीवर असतं. तिथेच पोकळी राहिली, तर कोरडं असताना तो हवा मोजतो, आणि पाणी सुटल्यावर पोकळीत साठलेलं पाणी मोजतो. खडेविरहित काळ्या जमिनीत असं कमी घडत असेल. आपल्याकडे ते घडतंच, असं धरून चाललं पाहिजे. म्हणून भोक पाडताना निघालेली माती चाळून, तिचा पातळ चिखल करून पात्याभोवती भरायचा आणि ती माती बसेपर्यंत काही दिवस आकड्यावर विसंबायचं नाही, एवढी साधी सूचनासुद्धा बसवणाऱ्यांच्या प्रशिक्षणात हवी.

सेन्सर कुठे पुरायचा, हाही असाच प्रश्न. काळ्या जमिनीत ठिबकचं पाणी आडवं पसरतं. जांभ्या-खडकाळ मातीत आणि पुळणीत ते सरळ खाली उतरतं, ओला पट्टा अरुंद आणि खोल होतो. घाटावरच्या शेतांसाठी लिहिलेल्या पुस्तिकेतलं अंतर इथे वापरलं, तर सेन्सर ओल्या पट्ट्याच्या बाहेर पडतो. ड्रिपर चालू, खाली पाणी वाहून चाललंय, आणि मोबाइल म्हणतो, माती कोरडी आहे, अजून सोडा.

आता अचूकतेच्या दाव्याकडे येतो. चांगल्या सेन्सरच्या पुस्तिकेत सर्वसाधारण खनिज मातीसाठी अधिक-उणे ३ टक्के अशी अचूकता लिहिलेली असते. वाचायला हा आकडा किरकोळ वाटतो. पण हे टक्के मातीच्या घनफळाचे असतात. मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या तरी हा आकडा साधारण ४० ते ५० च्या घरात जातो. १०० पर्यंत तो कधीच जात नाही. त्यातही झाडाला उपयोगी पडणारा भाग आणखी लहान, आणि हलक्या जमिनीत तर फारच लहान. एक हिशोब मांडतो. कलमाच्या बुंध्याभोवती ३ मीटर त्रिज्येचं वर्तुळ धरा, क्षेत्रफळ साधारण २८ चौरस मीटर. मुळांची वरची ३० सेंटिमीटर माती धरा. ३० सेंटिमीटरचे ३ टक्के म्हणजे ९ मिलिमीटर पाणी, म्हणजे दर चौरस मीटरला ९ लिटर, म्हणजे एका कलमामागे २५० लिटर. फळं वाढत असताना दर पंधरा दिवसांनी झाडाला १५० ते २०० लिटर पाणी द्यावं, अशी शिफारस हापूससाठी आपणच करता. म्हणजे पुस्तिकेत गुण म्हणून छापलेली चूकच पाण्याच्या एका अख्ख्या पाळीहून मोठी आहे. आणि ही झाली सेन्सरला मानवणाऱ्या मातीतली, नीट बसवलेल्या सेन्सरची चूक. जांभ्यात ती किती होते, हा आकडा आमच्यासारख्यांच्या हातात आजवर आलेला नाही.

मातीनुसार कॅलिब्रेशन केलं तर हीच चूक एक-दोन टक्क्यांवर आणता येते. म्हणजे यंत्र मुळात वाईट नाही. राहून गेलेलं काम मातीच्या बाजूचं आहे.

याचा फटका कुठे बसतो, हे आपल्याला सांगायला नको, पण आपल्यापलीकडे हे पत्र वाचणाऱ्यांसाठी लिहितो. पावसाळा सरल्यावर मोहोर येण्यासाठी कलमाला पाण्याचा ताण बसावा लागतो. त्या दिवसांत पाणी मिळालं तर झाड पालवी काढतं. नोव्हेंबरात सेन्सरने खोटा कोरडेपणा दाखवला आणि व्हॉल्व्ह आपोआप उघडला, तर वर्षाच्या उत्पन्नाला तिथेच धक्का बसतो, आणि तो फेब्रुवारी उजाडेपर्यंत लक्षातही येत नाही. पुढे फळ कणीचं सुपारीएवढं होताना माती खरोखर कोरडी असेल आणि पट्टी हिरवी दिसत असेल, तर फळगळ होते. काढणीच्या आधी पाणी तोडायचं असतं, तिथेही तीच गोष्ट. थंडी कमी पडली, अवकाळी आला, तुडतुडे वाढले, ही संकटं आमच्या हातातली नाहीत. पाणी हीच एक गोष्ट हातातली आहे, आणि तिची दोरी आम्ही सेन्सरकडे देतो आहोत.

आगरांचं दुखणं निराळं आणि माझ्या मते जास्त धोक्याचं. समुद्राजवळच्या विहिरींचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं. तेच पाणी शिंपण्याला जातं आणि मातीत क्षार साठत जातात. कमी वारंवारतेवर चालणाऱ्या स्वस्त सेन्सरना क्षार आणि पाणी यांतला फरक नीट कळत नाही. क्षार वाढले की त्यांचा आकडा वर जातो. म्हणजे माती जितकी खारट, तितकी ती ओली दिसते. सुपारीच्या झावळ्या पिवळ्या पडत असतात, झाडाला क्षारामुळे पाणी ओढता येत नसतं, आणि पट्टी हिरवीगार असते. ठिबकमधून खत सोडलं की असाच आकडा उसळतो. दोन दांड्यांमधून वीज किती जाते एवढंच पाहणारे जे सर्वांत स्वस्त सेन्सर ऑनलाइन मिळतात, त्यांच्या दांड्या अशा मातीत गंजतात आणि गंज वाढेल तसा आकडाही हळूहळू सरकत जातो. हे सेन्सर घेणारे बहुतेक तरुण असतात, हौसेने स्वतः जोडणी करतात. त्यांचा हुरूप मोडू नये असं मनापासून वाटतं. पण कुणीतरी त्यांना हे वेळेवर सांगायला हवं.

उन्हाचाही परिणाम होतो. वरच्या थरात पुरलेल्या सेन्सरचा आलेख बघा: दुपारी चढतो, पहाटे उतरतो. दुपारी जमिनीत पाणी कुणी घातलेलं नसतं. तापमानामुळे सेन्सरचं आणि मातीचं विद्युत वागणं बदलतं, त्याचा तो चढ-उतार असतो.

एवढं सगळं असूनही कॅलिब्रेशन न केलेला सेन्सर टाकून द्यावा, असं मी म्हणणार नाही. एकाच जागी पुरलेला सेन्सर कालच्यापेक्षा आज ओल कमी झाली की वाढली, हे बऱ्यापैकी सांगतो. जाणते बागायतदार त्यावरून आपल्या खुणा ठरवतात. भरपूर पाऊस पडून उघडीप झाली की एक-दोन दिवसांनी, जास्तीचं पाणी निथरून गेल्यावर, सेन्सर जो आकडा दाखवतो तो त्या जागेचा ‘भरलेला’ आकडा. माती हातात घेऊन दाबली आणि लाडू वळेनासा झाला की तेव्हाचा आकडा लिहून ठेवायचा. या दोन खुणांच्या मध्ये आपलं पाणी चालवायचं. ही रीत चांगली आहे. पण ती त्या एका सेन्सरपुरती, त्या एका जागेपुरती असते. दुसऱ्या बागेशी तिची तुलना होत नाही, शेजाऱ्याला सल्ला देता येत नाही, आणि कंपनीने ठरवलेल्या मर्यादेवर उघडणाऱ्या व्हॉल्व्हला तर या खुणा माहीतच नसतात. जिल्हाभरातून असे आकडे एकत्र करून त्यावर संगणकाला शिकवलं, तर तो मातीचे स्वभाव शिकेल की सेन्सरच्या चुका शिकेल, याचा विचार धोरण राबवणाऱ्यांनी करावा.

टेन्शिओमीटरचीही आठवण करून देतो. चिनीमातीचा सच्छिद्र कप, पाण्याची नळी आणि वर तबकडी. पाणी मातीने किती जोराने धरून ठेवलंय, हे तो थेट सांगतो. मुळांना पाणी ओढायला किती जोर लावावा लागेल तेच हे, त्यामुळे प्रत्येक मातीसाठी वेगळं समीकरण लागत नाही. साधारण ८० सेंटिबारच्या (हे त्या जोराचं माप) पुढे तो चालत नाही, नळीत पाणी भरत राहावं लागतं, कप मातीला नीट चिकटलेला असावा लागतो. पण हलक्या आणि वाळूच्या जमिनीत पाणी द्यायची वेळ बहुधा त्याच टप्प्यात येते. मोबाइलवर दिसत नाही म्हणून तो मागे पडला, याचं वाईट वाटतं. प्रात्यक्षिकाच्या बागांत सेन्सरशेजारी एकेक टेन्शिओमीटर लावला, तर खोटा आकडा तिथल्या तिथे उघडा पडेल.

आता नेमकं काय करावं, त्याबद्दल. खरी कसोटी जुनीच आहे: माती काढा, वजन करा, १०५ अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये २४ तास वाळवा, पुन्हा वजन करा. समजा जमिनीत ठोकायच्या १०० घन सेंटिमीटरच्या कड्यात काढलेली ओली माती १६५ ग्रॅम भरली आणि वाळल्यावर १३२ राहिली. पाणी ३३ ग्रॅम. वजनाच्या हिशोबाने ओलावा २५ टक्के, घनफळाच्या हिशोबाने ३३. सेन्सर घनफळाचा आकडा देतो. हा फरक न सांगता प्रयोगशाळेचा २५ आणि सेन्सरचा ३३ शेजारी ठेवले, तर बरोबर चालणारा सेन्सरही चुकीचा ठरतो. एकाहून दुसऱ्याकडे जायला मातीची घनता लागते, इथे ती १.३२. आणि घनता हीच गोष्ट आमच्याकडे कुठे लिहिलेली नसते. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं. घनता त्यात नाही, खड्यांचं प्रमाण नाही, माती किती पाणी धरते तेही नाही. खतासाठी ती पत्रिका उपयोगी आहे. पाण्यासाठी या तीन नोंदी जोडून मिळाल्या तर कोकणातल्या बागायतदाराला त्यांचा रोज उपयोग होईल.

जांभ्यात कडं ठोकताच येत नाही, खडा आडवा येतो, हे मला माहीत आहे. तिथे छोटा खड्डा खणून निघालेली सगळी माती जपून ठेवायची, खड्ड्याला पातळ प्लॅस्टिक अंथरायचं आणि मापाने पाणी भरून खड्ड्याचं घनफळ काढायचं. वेळ लागतो, पण घनता मिळते. अशा नमुन्यांवर पावसाळा संपल्यापासून मेपर्यंत, ओल्यापासून कोरड्यापर्यंत, सेन्सरचा आकडा आणि ओव्हनचा आकडा जोडीने नोंदवत गेलं की त्या मातीची रेषा तयार होते.

आपल्याकडे यासाठी जागा ठरलेल्याच आहेत. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्रात आंबा-काजूची जांभी जमीन, भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात किनाऱ्याची वाळू, कर्जतला भातखाचरं, पनवेलला खारभूमी. प्रत्येक केंद्राने आपापल्या मातीची जबाबदारी घेतली, तर कोकणातले मुख्य प्रकार आटोपतात. सड्यावरच्या भरावाच्या खड्ड्यांसाठी मात्र शेतकऱ्यांच्या बागांतच यावं लागेल. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलंमुली कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून गावात येऊन राहतात. माती परीक्षणासाठी नमुना कसा घ्यावा, हे ती दरवर्षी आम्हाला मनापासून शिकवतात. त्यांच्या कामात घनता आणि सेन्सर पडताळणी घातली, तर एका हंगामात केवढ्या गावांच्या नोंदी हाताशी येतील. वजनकाटा आणि ओव्हन असलेल्या प्रत्येक कृषी विज्ञान केंद्रात शेतकऱ्याला आपला सेन्सर आणि आपली माती घेऊन जाता यावं आणि ‘या मातीत हा सेन्सर इतका जास्त किंवा कमी दाखवतो’ असा लेखी कागद मिळावा. शुल्क ठेवा, आम्ही देऊ.

कृषी खात्याकडे मागणी सरळ आहे. बाजारातल्या तराजूवर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो, कारण त्यावर कुणाचं तरी पोट अवलंबून असतं. सार्वजनिक पैशातून घेतलेल्या सेन्सरला निदान एवढी अट असावी: आतलं समीकरण कुठल्या मातीवर बसवलं ते पुरवठादाराने लिहून द्यावं, क्षार आणि तापमानाने आकडा किती सरकतो ते सांगावं, शेतकऱ्याला किंवा विद्यापीठाला नवं समीकरण भरता येईल अशी सोय यंत्रात असावी, आणि मूळ न बदललेलं रीडिंगही मिळावं. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. पुष्कळ यंत्रणा फक्त तयार टक्का दाखवतात, आतला मूळ आकडा लपलेला राहतो. तो मिळाला नाही, तर उद्या विद्यापीठाने कितीही चांगला तक्ता काढला तरी तो लावायचा कशावर?

आणि व्हॉल्व्ह आपोआप उघडण्याची सोय मातीची पडताळणी होईपर्यंत बंद ठेवावी. तोवर सेन्सरने फक्त सांगावं. पाणी सोडायचं की नाही, हे माणूस माती हातात घेऊन ठरवील.

असं काम आपल्याकडे आधीच चालू असेल, तर त्याचे निष्कर्ष कृपया मराठीत आणि आमच्या हाती पडतील अशा रीतीने द्यावेत. चालू नसेल, तर येत्या पावसाळ्याच्या अखेरीस सुरुवात करता येईल. माती भरलेली असते, आणि तिथून मेपर्यंत ती कोरडी होत जाताना सगळे टप्पे मोजायला मिळतात. आमच्या परिसरातल्या काही बागायतदारांशी बोलून हे लिहितो आहे. सड्यावरच्या, उताराच्या आणि आगरातल्या आमच्या बागा नमुने घ्यायला खुल्या आहेत. खड्डे खणायला माणसं आम्ही देऊ. बसवलेल्या सेन्सरच्या मागच्या नोंदीही आमच्याकडे आहेत, त्या हव्या तशा देऊ. कोणत्या केंद्राने कधी यायचं, एवढं कळवावं.

आपला,
एक आंबा-सुपारी बागायतदार,
रत्नागिरी तालुका